फायटेज उष्णतेला टिकवायचं, तर संगणकाचं काम किती आणि प्लेटचं किती?

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: ई. कोलाय या जिवाणूमधला फायटेज (फायटिक आम्लातला फॉस्फरस सोडवणारा) एन्झाइम तिने प्रयोगशाळेत बनवायला घेतला आहे. कोंबडीखाद्यासाठी तो उष्णतेला जास्त टिकाऊ करायचा आहे. रोबोट नाही, मोठा संगणक नाही, हाताशी ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटा, त्यांतला रंग मोजणारा एक प्लेट रीडर आणि नमुने ठरलेल्या तापमानाला नेणारं एक पीसीआर मशीन आहे. ‘आता एआयने थेट चांगले म्युटंट (अमिनो आम्लं बदललेले एन्झाइम) सांगता येतात असं ऐकलं. मग कुठलं मॉडेल वापरू, आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का?’

विषय फार योग्य निवडला आहे, हे आधी सांगतो. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन येतं, तेल निघाल्यावर उरलेली पेंड कोंबडीखाद्यात जाते, सोबत मका असतो. या दोन्हींतला बहुतांश फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो. तो सोडवण्याइतका फायटेज कोंबडीच्या पोटात नसतो. त्यामुळे फॉस्फरस विष्ठेतून वाया जातो आणि खाद्यात वरून फॉस्फेट घालावं लागतं. शिवाय फायटिक आम्ल कॅल्शियम आणि झिंकही धरून ठेवतं. म्हणून खाद्यात बाहेरून फायटेज मिसळतात. अडचण अशी, की गोळी खाद्य बनवताना वाफ दिली जाते आणि तापमान ७० ते ९० अंशांपर्यंत जातं. ई. कोलायचा मूळ फायटेज ६०-६२ अंशांच्या पुढे तग धरत नाही.

बॅसिलसचे फायटेज उष्णतेला चिवट असतात, मग तोच का घेऊ नये, असं कुणी विचारेल. त्याला कॅल्शियम लागतं आणि तो उदासीन सामूला चांगला चालतो. कोंबडीच्या पोटातल्या आंबट भागात त्याचं काम मंदावतं. ई. कोलायचा एन्झाइम तिथेच जोमाने चालतो. म्हणजे काम करणारा एन्झाइम घेऊन त्याला उष्णता शिकवायची, हा तुमचा मार्ग बरोबर आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या परिस्थितीत मॉडेलचं काम एकच आहे: पुढच्या प्लेटवर कोणते म्युटंट ठेवायचे ते ठरवणं. म्युटंट चांगला की वाईट हा निकाल प्लेटच देणार. प्लेटचं मोजमाप ढिलं असेल तर जगातलं कुठलंही मॉडेल तुम्हाला वाचवू शकत नाही. विद्यार्थी मॉडेल निवडण्यात कितीतरी आठवडे घालवतात आणि मोजमापावर एक दुपारही देत नाहीत, हे मी वारंवार पाहतो. म्हणून उत्तराचा मोठा भाग मोजमापावरच लिहिणार आहे.

आधी आकडा डोळ्यासमोर आणा. हा एन्झाइम सुमारे ४१० अमिनो आम्लांचा आहे. प्रत्येक जागी इतर १९ पर्याय, म्हणजे एकेरी बदल ७,७९०. दोन-दोन बदलांच्या जोड्या घेतल्या तर तीन कोटींच्या वर. याच फायटेजवर अमेरिकेतल्या एका कंपनीच्या संशोधकांनी प्रत्येक जागी सगळे पर्याय करून पाहिले होते. ते काम २००४ साली प्रसिद्ध झालं. त्यातले आठ चांगले बदल एकत्र केल्यावर एन्झाइम उलगडण्याचं तापमान सुमारे १२ अंशांनी वाढलं. आठ बदलांत १२ अंश, म्हणजे सरासरी एका बदलामागे दीड अंश. हा दीड अंश लक्षात ठेवा. तुम्ही शोधताय ती गोष्ट एवढी लहान आहे आणि तुमच्या प्लेटवर ती दिसली पाहिजे.

ती दिसेल की नाही हे तापवण्याच्या तापमानावर ठरतं. बरेच जण ‘खाद्याची गिरणी ८५ अंशांवर चालते, मग ८५ लाच तपासू’ असं म्हणून सुरुवात करतात. ८५ ला मूळ एन्झाइमही शून्य आणि दीड अंशाने सुधारलेलाही शून्य. काहीच दिसत नाही. त्याऐवजी पीसीआर मशीनचा ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं देण्याची सोय) वापरा. मूळ एन्झाइम ५५ ते ७० अंशांत वेगवेगळ्या तापमानांना दहा मिनिटं तापवा, बर्फावर ठेवा आणि उरलेली क्रिया मोजून वक्र काढा. जिथे साधारण चौथा हिस्सा क्रिया उरते, ते तुमचं चाचणीचं तापमान. तिथे वक्र तीव्र असतो, त्यामुळे दीड अंशाची सुधारणासुद्धा २५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास उडी म्हणून दिसू शकते. पुढच्या फेरीत सुधारलेला म्युटंट नवा ‘मूळ’ होतो. तेव्हा वक्र पुन्हा काढायचा आणि तापमान वर सरकवायचं.

मोजताना नुसती तापवल्यानंतरची क्रिया पाहू नका. तापवण्याआधीचीही मोजा आणि गुणोत्तर घ्या. नाहीतर ज्या कल्चरमध्ये प्रथिन जास्त तयार झालं तो म्युटंट उगाच टिकाऊ वाटेल. गुणोत्तराची किंमत मात्र मोजावी लागते. दोन्ही मोजमापांत १०-१० टक्के चूक असेल तर गुणोत्तरात ती सुमारे १४ टक्के होते.

फायटेजच्या चाचणीतली खास अडचण फॉस्फेटची. तुम्ही मॉलिब्डेटचा (फॉस्फेटशी मिळून रंग देणाऱ्या रसायनाचा) रंग मोजणार, म्हणजे सुटलेला फॉस्फेट मोजणार. मग फॉस्फेट बफर चालणार नाही, हे उघड आहे, ॲसिटेट घ्या. पण फॉस्फेट इतर वाटांनीही शिरतो. कल्चरचं माध्यम फॉस्फेटवालं असेल तर पेशी धुतल्यावरही थोडा राहतो. काचेची भांडी साध्या डिटर्जंटने धुतली असतील तर त्यातूनही येऊ शकतो. पेशींच्या अर्कात पेशीचा स्वतःचा फॉस्फेट असतोच. आणि तुमचा यजमान, म्हणजे प्रथिन बनवून देणारा जीव, ई. कोलाय असेल, तर त्याचा जन्मजात फायटेजही थोडी क्रिया दाखवतो. म्हणून प्रत्येक प्लेटवर रिकाम्या प्लास्मिडचे (फायटेजचं जनुक न घातलेल्या डीएनए-वर्तुळाचे) वेल हवेतच आणि त्यांचा आकडा वजा करायलाच हवा. २५ टक्के उरलेली क्रिया मोजताना पार्श्वभूमीच मोठी असेल तर तुमचं गुणोत्तर कोसळतं. या एन्झाइमला चार डायसल्फाईड बंध (सिस्टीनच्या जोड्यांतले गंधकाचे दुवे) लागतात, त्यामुळे प्रथिन पेशीच्या आतल्या द्रवात अडकून न राहता पेरिप्लाझममध्ये (जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत) पोचतंय ना, तेही पाहून घ्या. नाहीतर तुम्ही चुकीची घडी झालेल्या प्रथिनाची उष्णता मोजत बसाल.

आता प्लेटची मांडणी. इथे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांकडे एक आयता फायदा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा त्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या कुणालाही विचारा, ज्वारीच्या वाणांची चाचणी कशी लावतात. शेताचा एक कोपरा भारी जमिनीचा, एक हलक्या. म्हणून शेताचे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण चिठ्ठी टाकून लावतात आणि तुलनेचा वाण प्रत्येक पट्ट्यात ठेवतात. प्लेट हे असंच एक शेत आहे. कडेच्या वेलमधलं पाणी आधी उडतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर फार लवकर. मधले वेल हळू तापतात. मल्टिचॅनल पिपेटचं एखादं टोक कमी ओढतं.

म्हणून आठ ओळींपैकी प्रत्येक ओळीत मूळ एन्झाइमचा एक वेल ठेवा, पण दर ओळीत रकाना वेगळा. चार वेल रिकाम्या प्लास्मिडचे. उरले ८४. त्यात ८४ म्युटंट घालण्याचा मोह आवरा. ४२ म्युटंट घ्या, आधी सिक्वेन्सिंग करून खात्री करा, आणि प्रत्येकाची दोन स्वतंत्र कल्चर चिठ्ठी टाकल्यासारखी प्लेटभर विखुरवा.

का, ते आकड्यांत सांगतो. समजा ८४ म्युटंटपैकी एकातही काही सुधारणा नाही आणि तुमच्या मोजमापात १४ टक्के चूक आहे. तरीसुद्धा त्यातला ‘सर्वोत्तम’ मूळपेक्षा सरासरी ३४ टक्के चांगला दिसेल, निव्वळ योगायोगाने. ८४ आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा निवडला की असंच होतं. ४२ म्युटंट दोनदा मोजले तर चूक १० टक्क्यांवर येते आणि योगायोगाचा ‘सर्वोत्तम’ २२ टक्क्यांवर. मग २५ टक्क्यांवरून ४० वर गेलेला खरा म्युटंट, म्हणजे ६० टक्क्यांची वाढ, स्पष्ट उठून दिसतो. वरचे सात-आठ म्युटंट पुन्हा चार-चार वेळा मोजायचे आणि दुसऱ्या वेळचेच आकडे खरे धरायचे. पहिल्या वेळचे आकडे निवडीमुळेच फुगलेले असतात. प्रबंधात पहिलाच आकडा लिहिलेला असेल तर मी परीक्षक म्हणून तिथेच थांबतो.

आठ मूळ वेलचा आपसातला फरक हाच तुमच्या मोजमापाच्या चुकीचा अंदाज. पहिली प्लेट फक्त मूळ एन्झाइमची, ९६ च्या ९६ वेल, अशी लावा. म्युटंट न बनवता एक प्लेट ‘वाया’ घालवायला जीवावर येतं, पण त्या एका प्लेटवर कुठली कड, कुठली ओळ, कुठला पिपेट दगा देतो ते सगळं कळतं.

एवढं झालं की ४२ कसे निवडायचे, या प्रश्नाकडे येऊ. ७,७९० मधून आधी काय काढून टाकायचं ते ठरवा. क्रियाशील जागा आणि तिच्या आठ अँगस्ट्रॉम परिसरातली अमिनो आम्लं, डायसल्फाईडमधले सिस्टीन, हे सोडा. यासाठी अल्फाफोल्डची (क्रमावरून प्रथिनाची घडी वर्तवणाऱ्या एआयची) गरज नाही. या एन्झाइमच्या स्फटिकांवरून काढलेल्या रचना प्रोटीन डेटा बँकेत आहेतच. अल्फाफोल्डबद्दल एक गैरसमज दूर करतो. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला आणि डेव्हिड बेकर यांच्या प्रथिन-रचनेच्या कामाला मिळालं, आणि ते योग्यच झालं. पण एका अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिन किती अंश जास्त टिकेल, हे सांगण्यासाठी ते साधन बनलेलं नाही. त्यातला खात्रीचा गुण हा टिकाऊपणाचा गुण नव्हे.

राहिलेल्यांतून निवडायला तीन वाटा आहेत.

माझी सर्वांत आवडती वाट जुनी आणि स्वस्त आहे: नातेवाईक प्रथिनांच्या क्रमांची (अमिनो आम्लांच्या ओळींची) मोजदाद. युनिप्रोट या प्रथिनांच्या डेटाबेसमधून तुमच्या फायटेजचे नातेवाईक गोळा करा, ओळीने मांडा आणि पाहा: जिथे तुमच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल आहे, तिथे बहुसंख्य नातेवाइकांत दुसरंच आहे का? तसं असेल तर ते ‘बहुमताचं’ आम्ल घालून पाहण्यासारखं आहे. हे फायटेजवरच सिद्ध झालेलं आहे. बुरशीच्या केवळ १३ फायटेजांचं बहुमत घेऊन बनवलेला एन्झाइम आपल्या कुठल्याही मूळ पालकापेक्षा १५ ते २२ अंश जास्त तापमानाला उलगडत होता. फक्त मोजणीत एक काळजी घ्या. डेटाबेसमध्ये ई. कोलाय आणि त्याचा जवळचा नातेवाईक शिगेला यांचे जवळजवळ सारखे क्रम शेकड्यांनी असतात. ते तसेच मोजले तर एकाच घराची शंभर मतं पडतात. ८० टक्क्यांहून जास्त सारखे असलेले क्रम एका गटात घालून गटाला एकच मत द्या.

दुसरी वाट ऊर्जेच्या हिशेबाची. फोल्डएक्स किंवा रोझेटा ही सॉफ्टवेअर बदलामुळे घडीची स्थिरता किती बदलेल याचा अंदाज देतात. अंदाजात एक किलोकॅलरीच्या आसपास चूक असतेच आणि तुम्ही शोधताय ते फायदेही तेवढ्याच आकाराचे आहेत. म्हणून ‘कोणता चांगला’ हे त्यांना विचारू नका, ‘कोणता नक्की बिघडवेल’ हे विचारा. चाळणी म्हणून ती उत्तम आहेत. इथेच प्रोलीनचा विचार करा. वळणावर प्रोलीन घातला तर साखळी ताठ होते आणि उलगडायला कठीण जाते, पण तो कुठेही बसत नाही. त्या जागेचा फाय कोन (साखळी तिथे किती वळते त्याचं एक माप) उणे ६० अंशांच्या आसपास हवा आणि तिथल्या नायट्रोजनचा हायड्रोजन बंध कुठे गुंतलेला नको. कोन पाहायला जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३ साली मद्रासमध्ये मांडलेला आलेख पुरतो. साठ वर्षांनंतरही प्रथिनाची कुठलीही रचना त्यावर तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पाठ्यपुस्तकात एका पानावर संपवलेली ही गोष्ट तुम्ही स्वतःच्या एन्झाइमवर करून बघा. त्याचा आनंद वेगळा आहे.

तिसरी वाट प्रथिनांच्या भाषा-मॉडेलांची, ईएसएमसारख्या. कोट्यवधी क्रम वाचून ते सांगतात की या जागी निसर्गाला काय चालेल. कोलॅब या गुगलच्या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर ६५ कोटी पॅरामीटरचं ईएसएम-२ आरामात चालतं आणि सगळ्या ७,७९० बदलांचे गुण थोड्या वेळात देतं. पण मोजलेल्या आकड्यांशी अशा मॉडेलांचा क्रम-सहसंबंध (चांगल्या-वाईटाची क्रमवारी किती जुळते त्याचं माप, पूर्ण जुळली तर १) सरासरी ०.४ ते ०.५ असतो. ‘निसर्गाला चालेल’ आणि ‘६५ अंशांना टिकेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटातल्या तापमानाला जगणाऱ्या जिवाणूचा फायटेज गरम पाण्यात टिकावा असा दबाव निसर्गाने कधी टाकलेलाच नाही.

म्हणून सल्ला असा: ४२ जागा एकाच यादीतून भरू नका. बहुमतातून वीसेक, भाषा-मॉडेलातून दहा-बारा, प्रोलीन वगैरे रचनेच्या विचारातून उरलेले, आणि सगळ्यांवर फोल्डएक्सची चाळणी. मग कोणती यादी तुमच्या प्रथिनाला लागू पडते हे तुमची म्युटंटांची पहिली प्लेटच सांगेल. प्रकाशित लेखांतल्या सरासरीपेक्षा तो पुरावा तुमच्यासाठी मोलाचा आहे. यादृच्छिक एनएनके लायब्ररीशी (एका जागी सगळी अमिनो आम्लं आपोआप मिसळून येणाऱ्या संचाशी) तुलना करा: एकाच जागेचा कुठलाही एक पर्याय ९५ टक्के खात्रीने दिसायला सुमारे ९५ क्लोन लागतात, म्हणजे एक जागा, एक प्लेट. तुम्ही त्याच प्लेटवर ४२ विचारपूर्वक निवडलेले बदल तपासताय. संगणकाने रोबोटची जागा घेतली ती इथे.

पहिल्या फेरीतून सात-आठ खरे चांगले बदल मिळाले की दुसरी फेरी खऱ्या अर्थाने संख्याशास्त्राची. आठ बदलांच्या जोडण्या २५६ होतात. सगळ्या बनवायची गरज नाही. प्रत्येक बदल निम्म्या म्युटंटांत असेल आणि कुठल्याही दोन बदलांच्या चारही जोड्या सारख्या वेळा येतील अशा ३२ जोडण्या निवडा. सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या मांडण्या नेमक्या याच कामाच्या आहेत. अशा मांडणीत प्रत्येक बदलाचा परिणाम सगळ्या ३२ आकड्यांतून निघतो. त्यावर साधं रिज रिग्रेशन (प्रत्येक बदलाचा परिणाम आवरता ठेवून काढणारं बेरजेचं समीकरण) बसवा. या पद्धतीची ताकद कमी लेखू नका. अटॉर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधासाठी लागणाऱ्या एका एन्झाइम-प्रक्रियेची उत्पादकता सुमारे ४,००० पट वाढवल्याचं जे काम २००७ साली आलं, त्याच्या गाभ्याला असंच रेषीय रिग्रेशन होतं: कोणता बदल ठेवायचा, कोणता टाकायचा, कोणता पुन्हा तपासायचा.

स्थिरतेचे परिणाम बरेचसे बेरजेने वाढतात, म्हणून रेषीय मॉडेल इथे चालतं. अपवाद शेजाऱ्यांचा. दोन बदल एकमेकांना खेटून असतील तर बेरीज चुकते, तेव्हा फक्त अशा जोड्यांसाठी वेगळं पद घाला. सगळ्या २८ जोड्यांची पदं ३२ आकड्यांवर बसवू नका. आणि मॉडेल खरंच काही शिकलं का हे तपासायला आकड्यांची अदलाबदल करून तेच मॉडेल पुन्हा चालवा. विस्कटलेल्या आकड्यांवरही ते तितकंच छान बसत असेल, तर ते काहीच शिकलेलं नाही.

त्यापुढे जायचं असेल तर गाउशियन प्रोसेस ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरा. फ्रान्सिस अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पी-४५० एन्झाइमच्या उष्णता-टिकाऊपणावर ते वापरून दाखवलं. त्याचा फायदा असा, की अंदाजासोबत अनिश्चितताही मिळते. मग पुढच्या प्लेटवर बहुतेक वेल मॉडेलला आवडलेल्यांना आणि काही वेल मॉडेलला माहीत नसलेल्यांना देता येतात. खोल न्यूरल नेटवर्क शंभर आकड्यांवर स्वतः शिकवायच्या फंदात पडू नका.

जीन बाहेरून बनवून घ्यायला थोडा निधी असेल, तर वाइझमन इन्स्टिट्यूटचं प्रॉस हे सर्व्हर शैक्षणिक वापरासाठी खुलं आहे. ते बहुमत आणि रोझेटा एकत्र करून एकाच वेळी अनेक बदल असलेले काही डिझाइन देतं. ते तुमच्या प्लेटला समांतर करून पाहा.

शेवटच्या टप्प्यावर मूळ हेतू विसरू नका. जास्त टिकाऊ म्युटंट कधी कधी ४० अंशांना मंद होतात, आणि कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ च्या आसपास असतं. म्हणून वरच्या प्रत्येक म्युटंटची आंबट सामूला, ४० अंशांना क्रिया मोजा, आणि पेप्सिनसमोर (पोटातल्या प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमसमोर) तो किती टिकतो तेही. द्रवात दहा मिनिटं आणि ओलसर भुग्यात वाफेचे काही सेकंद ही एकच परीक्षा नव्हे. लातूरकडच्या एखाद्या खाद्य कारखान्यात ओळख काढून मूठभर पेंड-मक्याच्या भुग्यात एन्झाइम मिसळून वाफ देऊन पाहता आलं, तर त्या एका चाचणीचं वजन प्रबंधात मोठं असेल. खाद्य-कंपन्या एन्झाइमवर लेप देतात किंवा गोळी झाल्यावर वरून फवारतात, हेही प्रबंधात मांडा, परीक्षक विचारणारच.

ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. वर लिहिलेलं सगळं साध्या लॅपटॉपवर आणि कोलॅबवर होतं. नेट मध्येच जातं, म्हणून निकाल दर थोड्या वेळाने ड्राइव्हवर साठवत जा. हातात पैसे असतील तर मल्टिचॅनल पिपेटचं कॅलिब्रेशन करून घ्या, प्लेट झाकायच्या चांगल्या सील आणा, आणि उरलेले सगळे सिक्वेन्सिंगला ठेवा.